इंजिन घरी बांधलं आणि आता आवाज येतोय: जुन्या बुलेटसाठी तपासणीचा क्रम

दर वर्षी गणपतीच्या आधी पंधरा दिवस माझ्याकडे एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडांनी येते. पावसात गाडी उभीच होती, म्हणून इंजिन खोललं, रिंगा टाकल्या, वॉल्व घासले, परत बांधलं. दुसऱ्या किकला सुरूही झाली. पण आता आवाज येतोय.

मी गॅरेजवाला नाही. मालवणजवळ नारळ-सुपारीची वाडी आहे आणि मांगरात (वाडीतल्या खोपटात) जांभ्याच्या दोन चिऱ्यांवर उभी केलेली जुनी साडेतीनशे. तिचं इंजिन मी तीनदा खोललंय, त्यातलं दोनदा फुकटचं. ती दोन्ही प्रकरणं पुढे येतीलच. आजूबाजूच्या गाड्या धरल्या तर ‘बांधल्यानंतरचा आवाज’ हा दुखण्याचा प्रकार मी बऱ्याचदा निस्तरला आहे.

हे सगळं जुन्या कास्ट आयर्न इंजिनाबद्दल आहे: ३४६ सीसी, पुशरॉड, गिअरबॉक्स वेगळा. नंतरच्या युनिट कन्स्ट्रक्शन (UCE, इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच घरात) इंजिनात टॅपेट हायड्रॉलिक आहेत, हाताने लावायचे नसतात. ती गाडी असेल तर यातलं निम्मं तुमच्या कामाचं नाही.

आधी लक्षणं

आमच्याकडे होडीची इंजिनं बघणारे एक काका आहेत. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे धावत गेलो तेव्हा ते म्हणाले होते, “आवाज खयसून येता ता मगे बघ, आदी कधी येता ता सांग.” तेव्हापासून मी समोरच्याला आधी हेच विचारतो. थंड असताना की गरम? रिकाम्या रेसला की चढावर? मूठ उघडताना की सोडताना?

वरून बारीक टिकटिक येते, रेस वाढवली की तीही वाढते, चढ-उताराने फरक पडत नाही: टॅपेट, रॉकर (वॉल्व उघडणारे भाग) किंवा फुंकणारा सायलेन्सर.

सुई टोचल्यासारखी चिटचिट, थंड असताना जास्त, गरम झाल्यावर कमी: बहुतेक बेंड पाइपचा (हेडपासून सायलेन्सरला जाणाऱ्या वाकड्या नळीचा) सांधा, क्वचित हेड गॅस्केट.

चढावर मूठ उघडली की पत्र्याच्या डब्यात सुपाऱ्या हलवल्यासारखा खळखळाट, मूठ सोडली की गप्प: हा धातूवर धातू आपटल्याचा आवाज नव्हेच. हे नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण अवेळी पेटणं. ठिणगीचं टायमिंग, पेट्रोल किंवा हवा.

सकाळी ठकठक आणि दोन-तीन किलोमीटरनंतर जवळजवळ नाहीशी: पिस्टन बोअरमध्ये (सिलिंडरच्या पोकळीत) सैल आहे.

डाव्या बाजूने, कमी रेसला खडखड, मधूनच साखळी पत्र्यावर आपटल्यासारखी: प्रायमरी चेन (इंजिनाकडून क्लचला जाणारी साखळी), क्लच किंवा आल्टरनेटरचा रोटर (वीज बनवणाऱ्या भागाचं फिरतं चाक).

चिरका, किंचाळल्यासारखा आवाज: कुठेतरी कोरडं चाललंय. गाडी तिथेच बंद करायची.

खालून, पोटातून जड ठोका. लोड आला की वाढणारा, गरम झाल्यावर आणखी स्पष्ट होणारा: हीही लगेच बंद. आधी ‘डावी बाजू’ वाचा, मग थेट शेवटचा भाग.

एक मोजणी कान तयार करते. एक सिलिंडरच्या चार स्ट्रोक इंजिनात क्रँक दोनदा फिरतो तेव्हा सायलेन्सरमधून एकदा ‘डुग’ येतो. कॅम आणि वॉल्वही तेवढ्यातच एकदा चालतात. म्हणून गाडी संथ आयडलला ठेवायची आणि प्रत्येक डुगला तुमचा आवाज किती वेळा येतो ते मोजायचं. एकदा येत असेल तर वरचा मजला, म्हणजे वॉल्व, रॉकर, कॅम, नाहीतर एग्झॉस्टची गळती. दोनदा येत असेल तर क्रँकच्या वेगाने फिरणारं काहीतरी: पिस्टन, रोटर, प्रायमरीचा स्प्रॉकेट. एक अपवाद लक्षात ठेवा. बिग एन्डचा (कनेक्टिंग रॉडचं क्रँकला जोडलेलं खालचं टोक) ठोका स्फोटाच्या दणक्यालाच जोरात बसतो, त्यामुळे तोही कधीकधी एकदाच ऐकू येतो. फरक सुराचा असतो. तो टिक नसतो, ठोका असतो.

लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून ऐकणं हा जुना उपाय आजही उत्तम आहे. रॉकर कव्हर, टॅपेटचं झाकण, टायमिंग कव्हर, प्रायमरी कव्हर या चार जागा पुरे. हे उघड्यावर करा. मांगराचं दार लावून इंजिन चालवत बसू नका. धुराने चक्कर येते आणि ती आल्यावर उशीर झालेला असतो. लुंगी-पंचाचं टोक साखळीपासून लांब ठेवायला मी सांगायला नको.

काही न खोलता, पैसे न घालता

पहिलं ऑइल. पातळी बघा आणि ते खरोखर फिरतंय का ते बघा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टायमिंग कव्हरच्या बाजूला दोन ऑइल पंप आहेत, एक तेल देणारा आणि एक परत ओढणारा. इंजिन बांधताना पंपांच्या घरात तेल भरून झाकण लावायचं असतं. घाईत ते राहतं आणि पंप हवाच ढकलत बसतो. दुसरी चूक त्याहून वाईट. सिलिकॉन बॉण्ड जास्त लावला की गॅस्केट दाबल्यावर तो आत सरकतो आणि तेलाच्या भोकावर बसतो. बाहेरून सांधा कसा सुबक दिसतो!

तपासायचं असं: हेडला जाणाऱ्या तेलाच्या पाइपचा वरचा बॅन्जो बोल्ट (ज्याच्या पोकळीतून तेल जातं तो) अर्धा फेरा सैल करून इंजिन आयडलला चालू द्या. काही क्षणांत तेल पाझरलं पाहिजे. मग तो घट्ट करून टायमिंग कव्हरवरचा फीड प्लग तसाच किंचित सैल करून बघा. वर तेल आलं म्हणजे क्रँकलाही जातंय असं समजू नका. रॉकरला येणारं तेल परतीच्या पंपाकडून येतं आणि बिग एन्डला दुसऱ्याकडून. दोन्ही ठिकाणी बघायचं. एका जरी ठिकाणी अर्ध्या मिनिटात तेल दिसलं नाही तर इंजिन बंद, आणि ते सापडेपर्यंत किकला पाय लावायचा नाही. रॉकर चिरकत होता त्या प्रत्येक गाडीत मला दोनच कारणं सापडली: बॅन्जोच्या वॉशरमधून गळती किंवा पाइपमध्ये कचरा. एकदा तर कुंभारमाशीने पाइपमध्ये मातीचं घर केलं होतं. पाइप काढून दोन महिने खिडकीत ठेवला की दुसरं काय होणार!

दुसरं, सैल वस्तू. इंजिन फ्रेममध्ये बसवणारे बोल्ट, हेडला फ्रेमशी धरणारी पट्टी, सायलेन्सरचा क्लॅम्प, टूल बॉक्स, चेन कव्हर, हॉर्नची पट्टी, किकचा दांडा. गाडी चालू ठेवून एकेक वस्तू हाताने दाबून धरा. सायलेन्सर सोडून, तो फडक्याने. आवाज बदलला की सापडलं. हेडची पट्टी तर हमखास विसरली जाते, कारण टाकी चढवल्यावर ती दिसत नाही आणि तिचा बोल्ट दोन दिवसांनी केरात सापडतो. ती नसली की सगळी फ्रेम इंजिनाचा आवाज मोठा करून ऐकवते.

तिसरं, बेंड पाइप. माझं पहिलं फुकटचं काम इथलं. वरून टिकटिक यायची, डुगला एकदा, रेसबरोबर वाढणारी. टॅपेट लावले, परत लावले, मग रॉकर काढले, मग हेड. सगळं जागेवर. हेड परत चढवताना बेंड पाइपच्या तोंडाभोवती काळी काजळी दिसली, डोळ्यात काजळ घातल्यासारखी एकसारखी रेघ. पाइप हेडमध्ये नुसता घुसवलेला असतो. इंजिन बांधताना तो थोडा तिरका बसला होता आणि प्रत्येक स्फोटाला तिथून फुंकत होता. इंजिन थंड असताना सांध्याभोवती साबणाचा फेस लावायचा आणि सुरू केल्याबरोबर बघायचं. गरम झाल्यावर फेस टिकत नाही. फेस उडाला की पाइप सरळ बसवा, क्लॅम्प परत आवळा. तो बसवताना मागचा सायलेन्सरचा बोल्टही सैल करायचा, नाहीतर मागून ओढला जाऊन तो परत तिरका होतो. हेडच्या सांध्याभोवतीही तोच फेस लावून बघा. फुगे आले तर हेडचे नट इंजिन पूर्ण थंड असताना, आडवे-तिडवे, थोडे-थोडे आवळायचे.

टॅपेट

याला पाने लागतात, पैसे नाहीत. तरी सगळ्यात जास्त नुकसान मी इथेच झालेलं पाहिलंय, आणि ते सैल टॅपेटने नव्हे, घट्ट टॅपेटने.

इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. प्लग काढा. भोकावर अंगठा ठेवून किक हाताने हळू दाबा. अंगठा ढकलला जाऊ लागला की कॉम्प्रेशन स्ट्रोक. भोकातून सायकलचा आरा आत सोडून पिस्टन सगळ्यात वर आणा. आता दोन्ही वॉल्व बंद आहेत. उजव्या बाजूचं टॅपेटचं झाकण एका नटावर असतं, ते काढलं की दोन पुशरॉड दिसतात, खाली त्यांचे ॲडजस्टर.

पुशरॉड अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून फिरवायचा. तो फिरकीसारखा मोकळा फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. बस, एवढंच माप आहे. या गाडीला इथे फीलर गेज लागत नाही. लॉक नट आवळताना ॲडजस्टर थोडा सरकतोच, म्हणून आवळल्यावर परत फिरवून बघायचं. मला अजून तीन-चार फेऱ्या लागतात.

आता गंमत अशी की पुशरॉड अगदी किंचित घट्ट केला की टिकटिक पूर्ण बंद होते आणि माणूस खूश होतो. मीही झालो होतो. घट्ट असल्याने एग्झॉस्ट वॉल्व सीटवर पूर्ण बसत नाही. वॉल्व आपली उष्णता सीटमधूनच बाहेर टाकतो. टेकलाच नाही तर तापत जातो आणि कडेने जळतो. फोंडा घाटाच्या अर्ध्यावर गाडीचा दम गेला आणि गरम इंजिन परत सुरूच होईना. काढल्यावर वॉल्वची कड उंदराने खाल्ल्यासारखी होती. टॅपेट थोडा वाजला तर वाजू दे. तो वाजत असतो तोवर वॉल्व बंद होतोय एवढी तरी खात्री असते.

नवीन गॅस्केट पहिल्या काही फेऱ्यांत दबतं आणि हेड केसभर खाली येतं. त्यामुळे शंभर-दीडशे किलोमीटरनंतर हेडचे नट थंड असताना परत आवळायचे आणि त्यानंतर टॅपेट परत लावायचे. क्रम उलटा केला तर टॅपेट घट्ट होऊन बसतात. बांधल्यादिवशी आवाज नव्हता आणि आठवड्याने सुरू झाला, किंवा उलट आवाज गेला पण गाडी गरम असताना सुरू होईना झाली, असं असेल तर आधी इथेच या.

घाटातला खळखळाट

आमच्या किनाऱ्यावर हे दुखणं घाटावरच्यांपेक्षा जास्त आहे अशी माझी खात्री झाली आहे, आणि कारण खारी हवा.

मामेभावाची गाडी. पावसाळ्यात इंजिन बांधलं, मालवण ते सावंतवाडी लोण्यासारखी. दाणोली सोडून आंबोलीच्या चढाला लागली की सुपाऱ्यांचा डबा सुरू. रस्त्याकडेला भेटलेल्या प्रत्येक जाणकाराने “बिग एन्ड गेला” असं सांगितलं. त्याने कनेक्टिंग रॉडचं किट मागवूनही ठेवलं. मी एकच विचारलं, किक कधी उलटी मारते का? तर म्हणाला, हो, परवा पोटरीला लागली.

उलटी किक आणि चढावरचा खळखळाट एकत्र आले की ठिणगी लवकर पडतेय असं समजायचं. टायमिंग त्याने बरोबर लावलं होतं. पॉइंटचा (उघडला की ठिणगी पाडणाऱ्या स्विचचा) गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या आत होता, आणि पिस्टन वर पोचायच्या ०.८ मिलिमीटर आधी पॉइंट उघडत होता, सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद अडकवून बघितलं तेव्हा. पण हे माप ऑटो ॲडव्हान्सची वजनं पूर्ण मिटलेली असताना घ्यायचं असतं. पॉइंटच्या डबीखाली दोन छोटी वजनं आणि दोन स्प्रिंगा असतात. रेस वाढली की वजनं बाहेर फाकतात आणि ठिणगी लवकर पडते, रेस उतरली की स्प्रिंग त्यांना आत ओढते. ही डबी चार महिने दमट खाऱ्या हवेत उभी राहिली की खुंट्यांवर गंज धरतो.

तपासणी पाच सेकंदांची आहे. पॉइंटचा कॅम बोटांनी त्याच्या फिरण्याच्या दिशेला ढकलायचा आणि सोडायचा. तो टपकन मागे आला पाहिजे. त्याचा आलाच नाही, ढकललेल्या जागीच थांबला. म्हणजे रेस एकदा वाढली की ठिणगी कायमची लवकर. प्लेट काढली तर एक वजन खुंटीवर तांबड्या गंजाने चिकटलेलं, आणि हात लावल्याबरोबर एक स्प्रिंग तुटून हातात आली. रॉकेलमध्ये धुवून, बारीक पॉलिश पेपरने खुंट्या घासून, एकेक थेंब तेल देऊन नव्या स्प्रिंगा घातल्या. दुसऱ्या दिवशी आंबोलीला दोघं बसून चढलो, मक्याचं कणीस खाऊन उतरलो. कनेक्टिंग रॉडचं किट अजून त्याच्या कपाटात साड्यांखाली आहे.

ज्यांनी पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलंय त्यांनी त्या किटबरोबरच्या खुणेप्रमाणे टायमिंग बघावं. आऱ्याने माप घेताना प्लगचं भोक तिरकं असल्याने आकडा फसवा येतो हेही लक्षात असू द्या. शंका असेल तर टायमिंग केसभर मागे ठेवा. दम थोडा कमी लागेल, पिस्टन फुटणार नाही.

टायमिंग ठीक असूनही खळखळत असेल तर टाकीतलं जूनमधलं पेट्रोल काढून टाका. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल दमट हवेतून पाणी ओढतं. मग कार्ब्युरेटर आणि हेडमधला सांधा: तिथे थोडं इंजिन ऑइल फासून आयडल बदलतंय का बघा. बदललं तर हवा आत शिरतेय, मिश्रण पातळ होतंय. तिथे पेट्रोल शिंपडून बघण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याला त्याच्या गाडीवर तसं करू द्या.

डावी बाजू

इथे माझं दुसरं फुकटचं काम. पोटातून ठोका येत होता, डुगला दोनदा, लोडवर जास्त. मी स्वतःच बिग एन्डचं निदान करून इंजिन फ्रेममधून उतरवलं, पूर्ण खोललं. क्रँक उत्तम होता. मग डाव्या बाजूचे भाग परत जोडायला घेतले तेव्हा आल्टरनेटरचा रोटर हाताने डुलला. नट सैल, चावी एका कडेने खाल्लेली. प्रत्येक फेरीला रोटर शाफ्टवर आपटत होता आणि तो आवाज क्रँककेसमधून हुबेहूब बिग एन्डसारखा ऐकू येत होता. एक कव्हर काढलं असतं तर अर्ध्या तासाचं काम. मी तीन आठवडे घालवले.

म्हणून पोटातून ठोका आला तरी आधी प्रायमरी कव्हर. मधला एक मोठा नट काढला की ते निघतं. आतलं तेल सांडणार, खाली परात ठेवा. रोटरचा नट, इंजिन स्प्रॉकेट, क्लचचा मधला नट, तिन्ही हाताने हलवून बघा. रोटर आणि स्टेटरमध्ये सगळीकडे ०.२ मिलिमीटरचं पातं फिरलं पाहिजे. एका बाजूला अडलं तर तिथे घासतंय आणि त्याची चमक दिसेल. प्रायमरी चेन मधोमध साधारण ६ मिलिमीटर हलली पाहिजे, पण हे चेन फिरवत चार-पाच जागी मोजायचं आणि सगळ्यात घट्ट जागेला धरून लावायचं. जुनी चेन एकसारखी ताणलेली नसते. सैल जागी लावलीत तर घट्ट जागेला ती क्रँकचं बेअरिंग ओढत राहील.

कव्हर न काढताही एक सोपी गोष्ट कळते. न्यूट्रलमधला आवाज क्लच दाबल्यावर बंद होत असेल तर दोष गिअरबॉक्स किंवा क्लचकडे आहे, इंजिनाला हात लावायची गरज नाही.

हेड काढावं लागलं तर

इथपर्यंत सगळं पाहून झालं असेल तरच. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग चालवून ऐकायचं. दोन एकदम बदलल्या आणि आवाज गेला, तर कशाने गेला हे कळत नाही. परत आला तर पुन्हा पहिल्यापासून.

पिस्टनच्या ठकठकीला घरगुती परीक्षा आहे. थंड इंजिनात प्लगच्या भोकातून चहाचा चमचाभर इंजिन ऑइल सोडा, हाताने दोन-चार किक मारा, प्लग लावून सुरू करा. धूर येईल, येऊ दे. मिनिटभर ठकठक बरीच कमी झाली तर पिस्टन आणि बोअरमध्ये जागा जास्त आहे. कास्ट आयर्नच्या बोअरमध्ये थंड असताना थोडा आवाज चालतो. गरम झाल्यावरही राहिला तर नाही.

असं का होतं? बहुतेक वेळा बोअर आधी केला आणि पिस्टन नंतर घेतला म्हणून. पिस्टन आधी विकत घ्या, तो लेथवर घेऊन जा, आणि त्याच पिस्टनच्या मापाने बोअर करून घ्या. डब्यावरचा ओव्हरसाइझचा आकडा एकच असला तरी दोन पिस्टन एकसारखे भरत नाहीत. एका लेथवाल्याने आमच्या एका बोअरला “अंदाजाने थोडा मोकळा ठेवलाय, पकडायला नको” असं प्रेमाने सांगितलं होतं. तो पकडला नाही खरा. वाजला मात्र दोन वर्षं.

हेड काढलंच आहे तर रॉकरचे ठोकळे बघा. प्रत्येकाचे वरचे-खालचे अर्धे जोडीने घडवलेले असतात. अदलाबदल झाली की आवळल्यावर रॉकर अडखळतो. नट आवळून झाल्यावर रॉकर बोटाने सहज हलला पाहिजे. सिलिंडर काढलात तर गजन पिनचे (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनचे) सर्क्लिप खोबणीत पूर्ण बसलेत का ते बघा, आणि एकदा काढलेला सर्क्लिप परत वापरू नका. दहा-वीस रुपयांची वस्तू बोअरमध्ये नांगर ओढल्यासारखी चर पाडते.

थांबायचं कुठे

सिलिंडर निघालेला असेल तर कनेक्टिंग रॉड दोन्ही हातांनी धरा, पिस्टन वर आणा आणि रॉड सरळ वर-खाली ओढून बघा. आडवा थोडा सरकतो, तो सरकलाच पाहिजे. सरळ ओढल्यावर किंचितही टक् जाणवलं तर तुमचं काम इथे संपलं.

ऑइल काढताना ते पांढऱ्या परातीत, उन्हात धरून बघा. पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये राखाडी चकाकी थोडी असतेच, नव्या रिंगा घासून बसतात त्याची. पण डोळ्याला वेगळे दिसणारे कपचे किंवा सोनेरी-तांबूस चमक दिसली तर थांबा; ती चमक बुशची आहे. चुंबक फिरवा, चिकटलं तर पोलाद, म्हणजे गिअर, बेअरिंग, रोलर. न चिकटणारं सोनेरी दिसलं की या इंजिनात पहिला संशय बिग एन्डच्या तरंगत्या (मोकळ्या फिरणाऱ्या) बुशवर.

पुढचं घरी करू नका. क्रँकची दोन चाकं प्रेसवर वेगळी करावी लागतात, नवा रॉड बसवून परत दाबावी लागतात आणि सेंटरवर (दोन टोकांत धरून) फिरवून डायल गेजने (बारीक फरक काट्यावर दाखवणाऱ्या मापाने) एका रेषेत आणावी लागतात. हातोड्याने आणि डोळ्याने ते जमवणारे लोक मला माहीत आहेत. त्यांच्या गाड्या फुटरेस्टवर पाय ठेवू देत नाहीत. आमच्याकडचे बरेच जण क्रँक कोल्हापूरला पाठवतात. जवळ कुठे पाठवायचा असेल तर आधी त्याच्याकडे डायल गेज आहे का ते बघा, आणि काम झाल्यावर क्रँक सेंटरवर फिरवून काटा दाखवायला सांगा. चांगला कारागीर स्वतःहून दाखवतो.

तसंच ऑइल पंप भरूनही तेल येत नसेल, चिरका आवाज थांबत नसेल, किंवा आवाजाबरोबर गाडीचा दम अचानक गेला असेल, तर मेकॅनिक. गाडी चालवत नेऊ नका, टेम्पोत घाला. पाचशे-सातशे रुपये भाडं लागेल म्हणून “हळू हळू नेतो” म्हणणाऱ्या एकाचा रॉड क्रँककेस फोडून बाहेर आला. क्रँककेस आता नवी मिळत नाही, भंगारातली शोधत बसलाय.

मेकॅनिकला “बिग एन्ड गेलाय” असं सांगू नका, नाहीतर तो तेवढंच करून देईल. आवाज कधी येतो, डुगला किती वेळा येतो, इंजिन बांधताना कुठले भाग नवे टाकले, आणि इथपर्यंत काय काय तपासून झालं ते कागदावर लिहून टाकीला चिकटवा. निघालेले नट-बोल्ट एका डब्यात कोंबून न देता ज्या कव्हरचे त्या पिशवीत द्या. आणि टायमिंग साइडला क्रँकच्या टोकावरचा ऑइल पंप चालवणारा वर्म (स्क्रूसारखा गिअर) उलट्या आट्यांचा आहे, हे गॅरेजमधल्या नव्या पोराला तोंडी सांगून या. तो लांब दांडीचा पाना घेऊन नेहमीच्या दिशेने जोर लावायला लागतो तेव्हा सांगून उपयोग नसतो.